पल्सर 150 ला फ्री-फ्लो सायलेन्सर आणि कोन फिल्टर लावला तर पॉवर खरंच वाढते का?

तुझा प्रश्न असा: 2018 ची पल्सर 150, सेकंडहँड घेतलेली, आयुष्यातली पहिली गाडी, हातात आठ हजार रुपये. मित्र म्हणतोय एअर बॉक्स (इंजिनला हवा गाळून देणारा कंपनीचा डबा) काढून कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा फिल्टर) टाक, मागं फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा सायलेन्सर) लाव, गाडी उडायला लागेल. वय एकोणीस लिहिलंयस म्हणून 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस.

आवाज नक्की वाढेल. पॉवर वाढलीच तर एखाद्या घोड्याची, तीसुद्धा कार्बोरेटरचं (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) जेटिंग, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या भोकांचं माप, नीट झालं तर. जेटिंग न करता दोन्ही लावलंस तर आहे त्यातली जाईल. हे ऐकीव नाही. मी स्वतःच्या पैशानं हा उद्योग करून बसलोय.

माझ्याकडे 2011 ची यामाहा एफझेड होती, 153 सीसी, कार्बोरेटरवाली. आम्ही कोल्हापूरकर, म्हणजे गाडीला काहीतरी केल्याशिवाय ती आपली वाटत नाही. उद्यमनगरात लेथ मशीन हाकेवर, मिस्त्री ओळखीचा. साडेतीन हजारांना एक पुंगळी (फ्री-फ्लो सायलेन्सर) आणली, तिच्यावर मोठ्या ब्रँडचं स्टिकर होतं, माल अर्थातच कॉपी. सहाशेचा कोन फिल्टर. मूळ एअर बॉक्स काढून माळ्यावर टाकला. संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारली आणि खरं सांगतो, गाडी अडीचशे सीसीची झाल्यासारखी वाटली. लोक वळून बघत होते. (आता कळतं की ते कौतुकानं बघत नव्हते.)

पुढच्याच रविवारी कागलकडं जाताना मित्राची तशीच, पण जशीच्या तशी ठेवलेली एफझेड माझ्या शेजारून निघून गेली. आवाज माझा, रस्ता त्याचा. मला पटेना. मग एका मोकळ्या सरळ पट्ट्यावर मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोजलं. चौथा गिअर, 40 चा वेग, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि 80 ला किती सेकंद लागतात ते बघायचं. त्याच्या गाडीला साडेनऊ सेकंद, माझ्या गाडीला अकरा. वजनाचं कारण सांगायला जागा नव्हती, मिसळ आम्ही दोघंही सारखीच हाणतो.

असं का झालं ते नीट समजून घे, कारण इथंच सगळी मेख आहे.

इंजिन म्हणजे लोहाराचा भाता. तुझी 150 सीसी गाडी 8000 आरपीएमला मिनिटाला 4000 श्वास घेते, कारण फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांमागं एक श्वास. एका श्वासाला जास्तीत जास्त 150 मिली हवा. गुणाकार कर: मिनिटाला फार तर 600 लिटर. एवढी हवा मूळ फिल्टरमधून आरामात जाते. कंपनीनं तो काही तुझ्या नाकाला रुमाल बांधावा तसा बांधलेला नाही. म्हणजे 'गाडी गुदमरतेय, तिला मोकळं कर' ही कल्पनाच लहान गाडीच्या बाबतीत फारशी खरी नाही.

दुसरं म्हणजे पेट्रोलचं प्रमाण. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, आणि पूर्ण पिळलेल्या ॲक्सिलरेटरला त्याहून जरा जास्त पेट्रोल हवं असतं. कार्बोरेटर पेट्रोल खेचतो ते त्याच्या घशातल्या हवेच्या ओढीवर. जेटचं भोक किती मोठं ठेवायचं ते कंपनीनं त्या मूळ डब्यातून येणारी ओढ धरून ठरवलेलं असतं. डबा काढलास की हवा सहज येते, ओढ कमी होते आणि तेवढ्याच भोकातून पेट्रोल कमी येतं. याला आपल्याकडं 'गाडी लीन झाली' म्हणतात. लीन गाडी तापते, ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटफट करते, आणि मिस्त्री म्हणतो, "वा, काय फायरिंग आहे!" माझा स्पार्क प्लग काढला तेव्हा टोकाचं पोर्सिलेन खडूसारखं पांढरं निघालं. ते फिक्या तपकिरी रंगाचं असायला हवं, बिस्किटाच्या रंगाचं म्हण.

तिसरी गोष्ट गरम हवेची. मूळ डबा सीटखालची, त्यातल्या त्यात थंड आणि शांत हवा घेतो. उघडा कोन फिल्टर इंजिनच्या मागं लटकतो आणि सिलिंडरवरून आलेली झळ ओढतो. हवा 30 अंशांवरून 60 अंशांवर गेली की तिची घनता नऊ टक्क्यांच्या आसपास घटते. तुझ्या पल्सरची कागदावरची ताकद 14 पीएस (म्हणजे साधारण तेवढेच घोडे), त्यातला सव्वा पीएस असाच वाऱ्यावर. ट्रॅफिकमध्ये सिग्नलला उभं राहून निघताना गाडी मेल्यासारखी वाटायची, त्याचं कारण हेच असणार.

आणि एक बारीक गंमत, जी मला दोन महिन्यांनी कळली. कार्बोरेटरच्या तोंडाशी, फिल्टर बसतो त्या कडेला, दोन-तीन लहान भोकं असतात. त्यातून जेटला हवा जाते, आणि ज्या कार्बोरेटरचा पिस्टन व्हॅक्यूमवर उचलला जातो त्यात डायफ्रॅमखालीही (तो पिस्टन उचलणाऱ्या रबरी पडद्याखालीही) तिथूनच हवा जाते. स्वस्तातल्या कोन फिल्टरच्या रबराला आतून जाड ओठ असतो. माझ्या फिल्टरचा ओठ नेमका त्यातल्या एका भोकावर बसला होता. पिस्टन अर्धवटच उचलला जायचा. म्हणजे वरून हवा मोकळी आणि आतून दाराला कडी. ब्लेडनं तो ओठ कापला तेव्हा गाडी जरा शुद्धीवर आली.

तरी जुलैत गगनबावड्याला निघालो. आमच्याकडचा पाऊस तुला माहीत असेल-नसेल, पण गगनबावड्याला तो पडत नाही, ओततात. घाट लागायच्या आधीच गाडी मिसिंग मारायला लागली आणि एका वळणावर बंदच पडली. फिल्टर पिळला तर फडक्यासारखं पाणी निघालं. मूळ डब्याचं तोंड मुद्दाम उंच आणि आडोशाला असतं ते का, हे मी रेनकोटात कुडकुडत, एका बंद टपरीच्या पत्र्याखाली शिकलो. कोरड्या दिवसांत वेगळं दुखणं: त्या जाळीतून बारीक धूळ आत जाते आणि पिस्टन रिंग घासते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागून गाडी चालवणाऱ्याला धूळ म्हणजे काय ते सांगायला नको.

आता सायलेन्सर. मिस्त्री लोक म्हणतात 'बॅक प्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जातो'. निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचं. अडथळा कुठल्याच इंजिनला नको असतो. पाहिजे असतो तो वेग. धुराचा प्रत्येक झटका पाइपातून वेगानं गेला की मागं पोकळी सोडतो, आणि ती पोकळी सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून नेते. पाइप गरजेपेक्षा जाड केला की धूर सुस्तावतो, ओढ जाते. त्यामुळं खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते. आणि शहरात तू चालवतोस ती 3000 ते 5500 मध्येच. वरच्या टोकाला फायदा झाला तरी तिथं तू किती वेळ असतोस?

तुझ्या पल्सरच्या बेंड पाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडं जाणाऱ्या वाकड्या नळीवर) इंजिनजवळ एक फुगीर डबी दिसेल. बजाज तिला एक्झॉस्टेक म्हणते. धुराच्या लाटा परतवून कमी आरपीएमला ओढ वाढवायची हे तिचं काम. बाजारातले 'फुल सिस्टिम' लावताना ही डबी पाइपासकट जाते. म्हणजे पैसे देऊन तू पिकअप काढून टाकणार.

मी शेवटी काय केलं? मूळ एअर बॉक्स माळ्यावरून उतरवला, पुंगळी तेवढी ठेवली, मेन जेट एक पायरी मोठा टाकला, प्लगचा रंग बघत बघत तीन रविवार घालवले. स्टॉपवॉचवर नऊ सेकंद आले. म्हणजे मित्राच्या गाडीपेक्षा अर्धा सेकंद कमी. त्यासाठी ॲव्हरेज 45 वरून 38 वर आलं आणि शेजारच्या काकूंनी बोलणं सोडलं.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ(4) खाली गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला तर मालकाला फेरफारामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाचं कलम 190(2) लावलं तर पहिल्या वेळेला 10,000 पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. गाडी बहुतेक वडिलांच्या नावावर असेल, म्हणजे मालक ते. आपल्या राज्यात पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या तू बघितल्या असशीलच. 'डीबी किलर (आवाज दाबणारी खुंटी) घातलाय साहेब' हे वाक्य चौकात चालत नाही, मी म्हणून बघितलंय.

कुणी बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीवाला हे वाचत असेल तर त्याच्यासाठी दोन ओळी. तिथं बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, बेंड पाइपात ऑक्सिजन सेन्सर आहे. संथ चालवताना सेन्सर प्रमाण सांभाळून घेतो, पण पूर्ण पिळल्यावर ईसीयू (पेट्रोल ठरवणारा गाडीतला छोटा संगणक) आपल्या पाठ केलेल्या आकड्यांवरच चालतो, आणि ते आकडे मूळ डबा-सायलेन्सरचे असतात. जेट बदलायची सोय नाही, ईसीयूचं मॅपिंग करावं लागतं. तो खर्च वेगळा आणि वॉरंटीवर पाणी.

आता तुझे आठ हजार. गाडी सेकंडहँड आहे, सात-आठ वर्षांची. अशा गाडीत कंपनीनं दिलेले 14 पीएस तरी पूर्ण मिळतायत का, हे आधी बघ. डबल स्टँडवर लाव, न्यूट्रल कर आणि मागचं चाक हातानं फिरव. दोन-तीन फेऱ्या सहज फिरलं पाहिजे. अर्ध्या फेरीत थांबलं तर ब्रेक घासतोय, चेन सुकलीय किंवा बेअरिंग गेलंय. तिथं जाणारी ताकद कुठलाही सायलेन्सर परत आणत नाही. मग एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर. काळा पडला असेल तर नवा कंपनीचाच टाक, काही शेकड्यांत येतो. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट नीट करणं), कार्बोरेटरची सफाई, नवा प्लग, क्लच केबल, इंजिन ऑइल. टायरची हवा. चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) झिजलं असेल तर पूर्ण सेट. एवढं करूनही चार हजारांच्या आसपास उरतील, त्यातून पुढचा टायर किंवा चांगलं हेल्मेट बघ.

आणि पिकअपचीच हौस असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी कर. पुढं 14 दात असतील आणि 13 केले, तर प्रत्येक गिअरला ओढ साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढते. टॉप स्पीड थोडा घटतो, हायवेला इंजिन जरा जास्त ओरडतं, पण चढाला फरक लगेच कळतो. खर्च एका स्प्रॉकेटचा आणि अर्ध्या तासाच्या मजुरीचा. पटलं नाही तर जुनं परत बसवायचं. माझ्या सगळ्या उद्योगांत पैसा वसूल करणारी गोष्ट ही एकच होती, आणि ती मी सगळ्यात शेवटी केली.

फिल्टरच बदलायचा असेल तर मूळ डब्यात बसणारा धुता येणारा कापडी फिल्टर मिळतो, तो चालेल. पण तो वेळेवर धुवून त्याचं तेल बेतानं लावावं लागतं. आळशी माणसानं कागदी फिल्टरच वापरावा. मी आळशी आहे.

रविवारी आधी गाडी वीसेक मिनिटं चालव, मग सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरात जरा पिळून क्लच दाबायचा, इंजिन तिथंच बंद करायचं, बाजूला घेऊन उभी करायची. इंजिन निवलं की प्लग काढ आणि दिवसाच्या उजेडात त्याचा जवळून फोटो काढून इथं टाक. पल्सरला दोन प्लग आहेत, दोन्हींचे टाक. चाक किती फेऱ्या फिरलं तेही लिही, मग पुढचं बघू.