रोज तीच वाक्यं तोंडात येतात. मग पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने प्रार्थना करायची कशी?

तुम्ही लिहिलंय की झोपण्याआधी नेमाने प्रार्थना करता, पण ठरलेलीच वाक्यं येतात. आणि उपासनेत इतरांना रडत, भरभरून प्रार्थना करताना पाहिलं की वाटतं, माझ्यात आत्मा कामच करत नाही. ही भीती आधी मनातून काढा. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, म्हणून आत्माच आपल्यासाठी कण्हत मध्यस्थी करतो. त्या ‘आपल्याला’मध्ये पौल स्वतःही आलाच. शब्द न सुचणं ही आत्मा नसल्याची खूण नाही. त्याच्या मदतीची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

आणि तीच वाक्यं येतात म्हणून कष्टी होऊ नका. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने पुन्हा पुन्हा तीच प्रार्थना केली, असं मत्तय सांगतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते 1 शमुवेलच्या पहिल्या अध्यायातल्या हन्नाने. मूल नाही, सवत टोचून बोलते, जेवण जात नाही. शिलो इथल्या मंदिरात ती उभी राहते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटतं, बाई दारू प्यायलीय! ती सांगते, मी परमेश्वरापुढे माझं मन मोकळं करत होते. पुढचं वाक्य आपण घाईत वाचून जातो: ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता. घरी सवत तशीच होती. बदललं होतं ते एवढंच, की मनातलं ओझं आता तिच्या एकटीचं राहिलं नव्हतं. मनापासूनची प्रार्थना म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी हाच अध्याय वाचायला सांगतो.

केडगावच्या, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या संजीवनाची, म्हणजे आत्मिक जागृतीची, साक्ष तुम्ही ऐकली असेल. मुलींचं रडणं, एकाच वेळी मोठ्याने चाललेल्या प्रार्थना, हे सगळं जूनअखेरचं. पण रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली होती जानेवारीत. तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या, आणि संजीवन सुरू झालं तोवर त्या 550 झाल्या होत्या. मधले महिने साध्या, रोजच्या प्रार्थनेचे होते. आपल्याकडे जूनबद्दलच जास्त बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा आवाज किंवा अश्रू मुद्दाम आणू नका. खरं असेल तेच बोला, अगदी ‘प्रभू, आज तुझ्याशी बोलावंसंच वाटत नाही’ असंसुद्धा. मग थोडं गप्प बसा. अशा वेळी एखाद्या माणसाचं नाव मनात आलं, तर त्याच्यासाठी दोन शब्द मागा. एखादं पाप आठवलं, तर तिथल्या तिथे कबूल करा. मला तरी आत्म्याचं चालवणं बहुतेक वेळा असंच, शांतपणे जाणवलंय. मात्र मनात आलेलं सगळंच आत्म्याचं नसतं, म्हणून देवाचं वचन, म्हणजे बायबल, उघडं ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

आज रात्री स्तोत्र 13 घ्या. जेमतेम सहा वचनं आहेत. सुरुवातीलाच दावीद चार वेळा विचारतो, ‘कुठवर?’ मोठ्याने वाचा, आणि त्या प्रश्नापाशी थांबून तुमचा स्वतःचा ‘कुठवर’ देवाला सांगा.