बॅटरीच्या टर्मिनलचा चौकोनी नट हरवला तर त्याच्या जागी काय बसवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पावसाळ्याआधी चार्जिंगसाठी मोटारसायकलची बॅटरी काढताना धन टर्मिनलचा बोल्ट आणि त्याखालचा छोटा चौकोनी नट हातातून निसटला, शोधूनही सापडला नाही आणि दुकानदार म्हणतो की तो सुटा मिळत नाही, नवी बॅटरीच घ्या, तर घरातला एखादा नट-बोल्ट लावला तर चालेल का? बॅटरी बदलण्याची गरज मुळीच नाही. घरातला नट-बोल्टही चालेल, मात्र त्याचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. माझ्या दुचाकीची देखभाल मी बरीच वर्षे स्वतःच करतो आणि हाच नट मीही एकदा हरवलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नवा नट आणण्यापूर्वी हरवलेला नट सापडतो का, ते पुन्हा एकदा नीट पाहावे. पैशांसाठी हे सांगत नाही. बॅटरीच्या खाचेत अडकून राहिलेला लोखंडाचा तुकडा गाडीच्या हादऱ्यांनी सरकत जाऊन कधी टर्मिनलला टेकेल, कधी खाली चेनवर पडेल, याचा भरवसा नसतो. बॅटरी अजून बाहेरच असेल तर ट्रे रिकामा आहे, तेव्हा विजेरी आणि दोरीला बांधलेले लोहचुंबक घेऊन आतला कोपरान्‌कोपरा तपासावा. बॅटरी परत बसवली असेल तर आधी ऋण वायर सोडवावी आणि मगच चुंबक किंवा तार आत घालावी. गाडीची संपूर्ण चौकट ऋण टर्मिनलला जोडलेली असते, त्यामुळे धन टर्मिनल आणि चौकट यांच्यामध्ये धातू आला की तेथेच शॉर्ट होऊन ठिणगी पडते. वायरी सोडवताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी, हा नियमही याच कारणामुळे आहे.

आता मापाविषयी. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या बॅटरीला ६ मिमीचा बोल्ट असतो, ज्याला १० नंबरचा पाना लागतो आणि ज्याच्या आट्यांमधील अंतर १ मिमी असते; लहान बॅटरींना ५ मिमीचा बोल्ट असतो आणि त्याला ८ नंबरचा पाना लागतो. आपल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरचा नट-बोल्ट शाबूत आहे, तोच नमुना म्हणून दुकानात न्यावा. अंदाजाने काहीही मागू नये. हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, हार्डवेअरच्या दुकानात मिमीच्या मालाशेजारीच सुताचा मालही असतो. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजेच ६.३५ मिमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

माझी चूक नेमकी इथेच झाली. घरातल्या डब्यात सापडलेला दोन सुती नट मी ६ मिमीच्या बोल्टला लावला. तो फिरवताना थोडा सैल वाटला, पण शेवटी घट्ट बसल्यासारखा झाला आणि मी समाधान मानले. दोन आठवड्यांनी, जुलैच्या पावसात पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळजवळ हेडलाइट लुकलुकू लागला, हॉर्न बंद पडला आणि गाडी थांबवून बटण दाबले तर नुसता टकटक आवाज येऊ लागला. बॅटरी उत्तम होती. नटाचे आटे गेले होते आणि वायरीचे थिंबल, म्हणजे तिच्या टोकाची भोक असलेली धातूची पट्टी, टर्मिनलवर हलत होते. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात, पण स्टार्टर मोटर क्षणभर कित्येक दहा अँपिअर ओढते. सैल जोड एवढा प्रवाह वाहू शकत नाही, तापतो आणि शिशाचा पृष्ठभाग हळूहळू खराब करतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर अशा हलत्या जोडामुळे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेलाही धोका पोहोचू शकतो.

नट चौकोनीच का हवा, असे आपण विचारले आहे. टर्मिनलच्या पोकळीत पाना घालायला जागा नसते, म्हणून नटाच्या सपाट बाजू पोकळीच्या भिंतींना टेकतात आणि बोल्ट आवळताना नट जागेवरच राहतो. षटकोनी नटाचा भिंतीशी संपर्क कमी असल्यामुळे तो फिरून मऊ शिसे खरवडू शकतो. रस्त्यात अडचण आली तर तात्पुरता लावावा, कायमचा नाही.

बोल्टची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. बोल्ट लांब असला तर त्याचे टोक पोकळीच्या तळाला टेकते, हाताला तो पक्का आवळल्यासारखा वाटतो, पण थिंबल मात्र सैलच राहते. माझ्या गाडीला १२ मिमी लांबीचा पुरतो. आपण आधी थिंबल न लावता बोल्ट फिरवून तळ लागतो का, ते पाहावे.

आपण कोल्हापुरात राजारामपुरीत राहता, तर शिवाजी उद्यमनगर अगदी जवळ आहे. तेथील नट-बोल्टच्या दुकानांत नमुना दाखवून चौकोनी नट मागावा. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे जुन्या बॅटरी परत घेणारे बॅटरीचे दुकान: नव्या बॅटरीबरोबर नट-बोल्टची छोटी पिशवी येते आणि मोडीतल्या बॅटरींवरही ते शिल्लक असतात, त्यामुळे विचारल्यास बहुधा काही रुपयांत काम होते. मी तेथूनच दोन जोड आणले आणि एक टूलकिटमध्ये ठेवला.

बसवताना नट वर उचलून धरण्यासाठी त्याच्याखाली स्पंजचा छोटा तुकडा सरकवावा, म्हणजे तो भोकाच्या समोर राहतो आणि पुढच्या वेळी बोल्ट काढल्यावर खालीही पडत नाही. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर पूड असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने ती घासावी, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये आणि जागा पूर्ण कोरडी करावी. थिंबल थेट शिशावर बसले पाहिजे. वॉशर आणि स्प्रिंग वॉशर त्याच्या वर, मध्ये कधीही नाही, कारण प्रवाह मुख्यतः थिंबल आणि शिसे यांच्या स्पर्शातून जातो, बोल्टचे काम फक्त दाबून धरण्याचे. शिसे मऊ असल्याने आखूड पान्याने बेताचाच जोर लावावा. सर्वांत शेवटी वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. आपल्याकडच्या पावसात तो फार उपयोगी पडतो.

मल्टिमीटर असल्यास त्याचे एक टोक टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरे थिंबलवर धरून कोणाला तरी स्टार्टर दाबायला सांगावे. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर जोड चांगला आहे. त्याहून जास्त आला तर बोल्ट पुन्हा काढून त्याची लांबी आणि थिंबलखालची जागा तपासावी.