चोरलच्या शेतावर रात्रभर म्युझिक चालेल का?

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरचे सात-आठ मित्र मेमध्ये चोरलजवळ काकांच्या शेतावर छोटा इलेक्ट्रॉनिक म्युझिक फेस्टिव्हल करतोय, शंभरेक जण येतील, रात्रभर वाजवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही रे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, आणि दिवसा लावायलाही लेखी परवानगी लागतेच. शेत लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका, बेस, म्हणजे गाण्यातला खालचा धमधम आवाज, फार दूरवर जातो, कुणाच्या तरी घराचे पत्रे थरथरतात आणि आत तान्हं बाळ झोपलेलं असतं. संध्याकाळी पाचलाच सुरू करा, दहानंतर सगळ्यांना वायरलेस हेडफोन द्या, नाचणं काही थांबत नाही. म्युझिक वाजवायचा लॅपटॉप मात्र सावलीत ठेवा हं, मेच्या उन्हात तापून मधेच बंद पडतो. आणि आधी गावात जाऊन सरपंचांना भेटा, मनापासून सांगतेय.