‘मोबाईल काढून घेतला, तरी ह्यांचं थांबत नाही’

“मॅडम, मोबाईल काढून घेतला, तरी ह्यांचं थांबत नाही. कुठे न्यायचं ह्यांना?” मी समुपदेशन करते. पॉर्न, लैंगिक वर्तन आवरत नाही म्हणून येणारा असा फोन बहुधा बायकोचा असतो, क्वचित आईचा. ज्याचा प्रश्न असतो तो स्वतःहून येत नाही. आलाच तर ‘झोप लागत नाही’ असं काहीतरी सांगून येतो.

त्यातलंच एक जोडपं. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून सांगते. नवऱ्याला सुनील म्हणू. पस्तिशीचा, एमआयडीसीत पाळ्यांची नोकरी. बायको शिक्षिका. तो रात्रपाळी करून घरी यायचा तेव्हा ती शाळेत गेलेली असायची. रिकाम्या घरात दोन-तीन तास पॉर्न. पुढे पैसे भरून व्हिडिओ कॉल, त्यासाठी कर्ज देणारी ॲप्स, आणि दोनदा लॉज. घरात कळलं ते वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणं झाली होती. एका बुवांनी शपथ घ्यायला लावली. मग भिंतीवरची जाहिरात वाचून गाठलेल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’ने चूर्ण दिलं, तेही शक्तिवर्धक. ज्याला आवरता येत नाही म्हणून आणलाय, त्याला शक्ती वाढवायचं औषध!

सुनीलचं पहिलं वाक्य होतं, “मी घाणेरडा माणूस आहे.” मी त्यावर वाद घातला नाही. शेवटचं कधी सोडायचं ठरवलं होतंत आणि पुढे काय झालं, एवढं विचारलं. दर पगाराला ठरवायचो, म्हणाला. हप्ता भरायचा, ॲप काढून टाकायचं. चार दिवसांनी सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला की पुन्हा तेच. “आता तर मजाही येत नाही मॅडम, तरी बोट तिकडेच जातं.”

माझ्या दृष्टीने हे वाक्य ‘आठवड्यातून किती वेळा’ यापेक्षा महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. तिथे तो व्यसनांत नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. निदानासाठी आकडा नाही. साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ओढ आवरत नाही, नोकरी, तब्येत, नाती यांची हानी होते किंवा माणूस फार हैराण होतो, समाधान मिळत नसलं तरी ते चालूच राहतं, हे बघतात. केवळ ‘हे पाप आहे’ या बोचणीपायी होणारा त्रास निदानाला पुरत नाही.

ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. आठवड्यातून दोनदा हस्तमैथुन करणारा, अभ्यास नीट चालू असलेला विद्यार्थी ‘मला व्यसन लागलंय’ म्हणत रडत येतो. त्याला विकार नसतो, भीती असते. त्याचं काम बऱ्याचदा दोन-तीन बैठकांत होतं. सुनीलचं तसं नव्हतं.

त्याला मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हाच आवेग बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खचतं त्या आजारात, चढत्या काळात दिसतो, दारूसोबत दिसतो. पार्किन्सनसाठी, म्हणजे कंपवातासाठी, प्रॅमिपेक्सोलसारखी औषधं घेणाऱ्या काही ज्येष्ठांमध्येही तो अचानक सुरू होतो. तिथे घरच्यांनी चारित्र्य काढण्याआधी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. सुनीलला नैराश्य निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. खास या विकारासाठी मंजूर झालेलं असं औषध नाही. नैराश्यावरची काही औषधं किंवा दारूच्या व्यसनात वापरलं जाणारं नाल्ट्रेक्सोन डॉक्टर व्यक्ती बघून देतात. मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची ही गोष्ट नव्हे.

माझ्याकडे काम चाललं ते सकाळच्या त्या तीन तासांवर. ओढ कधी येते, त्याआधी काय घडलेलं असतं, मनात कोणतं वाक्य येतं, हे तो वहीत लिहायचा. ‘आज फार झालं, एवढं तर माझ्या वाट्याला हवंच’ हे वाक्य वारंवार यायचं. ओढ चढते, थोडा वेळ टिकते आणि काही न करताही उतरते, हे त्याला स्वतः अनुभवून बघावं लागलं. रात्रपाळीनंतर तो थेट घरी न येता भावाच्या दुकानात चहा घेऊ लागला. यूपीआयची मर्यादा कमी केली. कर्जाची यादी बायकोसमोर मांडली, आणि ते त्याला लॉजबद्दल सांगण्यापेक्षाही जड गेलं. मधे दोनदा घसरला, पण दोन्ही वेळा पुढच्या बैठकीत स्वतःहून बोलला.

बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, रोज फोन तपासायचं काम तुमचं नाही. त्यातून तो लपवायला शिकतो आणि तुमची झोप जाते. पण सावरून घेणं हेही तुमचं कर्तव्य नाही. लॉजचं कळल्यावर दोघांची एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची तपासणी करून घेतली. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्त होते. पुन्हा चाचणीला कधी यायचं तेही तिथले समुपदेशक सांगतात.

कुठे न्यायचं, याचं उत्तर म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा किंवा सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग. केसपेपर काढताना ‘मानसिक ताण’ एवढं सांगितलं तरी चालतं. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. व्हिडिओ कॉलचं चित्रण दाखवून कोणी पैसे मागत असेल तर पैसे न देता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर चालणारे गट या त्रासासाठीही आहेत, ऑनलाइन बैठकाही होतात. काहींना ते फार मानवतात. सुनीलला चारचौघांत बोलणं जमलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

आणि नवरा यायलाच तयार नसेल तर? तुम्ही एकट्या या. पैशांचं काय, शरीरसंबंधांना नाही कसं म्हणायचं, मुलांना किती सांगायचं, माहेरी कोणाला विश्वासात घ्यायचं, हे ठरवायला तो खोलीत असावा लागत नाही.