डिमेन्शियावर, म्हणजे स्मरणशक्ती आणि बुद्धी ढासळत जाण्याच्या आजारावर, जगभर रिसर्च चाललाय म्हणतात, कोल्हापुरात बसून आम्हाला त्याचा काय उपयोग?

उपयोग आहे, आणि तो औषधाची वाट न बघता सुरू होतो. फिनलंडमध्ये फिंगर नावाचा अभ्यास झाला, साठीपुढच्या लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला चालना आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं तर त्यांची बुद्धी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. २०१५ ला निकाल आला आणि मग तोच साचा बऱ्याच देशांनी आपापल्या खाण्यापिण्याप्रमाणं बदलून वापरायला घेतला.

२०२४ ला लॅन्सेट कमिशननं, म्हणजे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं, डिमेन्शियाचा धोका वाढवणारी १४ कारणं सांगितलीत, ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात. त्यात कमी ऐकू येणं पण आहे बघा! आपल्याकडं आज्जीला ऐकू येईना झालं की वय झालंय म्हणून सोडून देतात, मला हे फार लागतं. कान तपासून घ्या, मशीन लागलं तर घ्याच. सकाळी रंकाळा तलावावर चार लोकांत फिरायला न्या, एकटं पडणं पण त्याच यादीत आहे.

विसरणं वाढलंच असंल तर आधी डॉक्टरला दाखवा, बी१२ व्हिटॅमिन कमी पडल्यानं किंवा थायरॉइडच्या त्रासामुळं पण तसं होतं आणि त्यावर उपचार आहेत.