अ‍ॅपलस्क्रिप्टमधून शेलला फोल्डरचं नाव देताना मध्ये स्पेस आली तर?

तुम्ही विचारलंय, मॅकवरच्या अ‍ॅपलस्क्रिप्टमध्ये 'डू शेल स्क्रिप्ट'ला (शेलकडे, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, कमांड पाठवणारी ओळ) फोल्डरचं नाव दिलं आणि त्यात स्पेस असली की कमांड का चुकते. तुमची नुसती चुकतेय. माझ्या नोकरीवर बेतलं होतं.

सांगलीत विश्रामबागला एका फोटो स्टुडिओत मी ऑपरेटर होतो. अल्बम छापून गेला की फोल्डर उडवायची स्क्रिप्ट मालकांच्या भाच्यानं लिहून दिलेली. 'पाटील' या फोल्डरात लग्नाचे फोटो, त्यांचा अल्बम व्हायचा होता. शेजारी 'पाटील साखरपुडा', त्याचं काम संपलेलं. मी साखरपुड्यावर स्क्रिप्ट चालवली. शेलनं स्पेसपाशी नाव तोडलं आणि 'आरएम'ला, म्हणजे फाइल उडवणाऱ्या कमांडला, दोन नावं मिळाली: एक 'पाटील'चा पूर्ण पाथ (फोल्डरचा अख्खा पत्ता), दुसरं नुसतं 'साखरपुडा'. पहिलं सापडलं, उडालं. दुसरं सापडलं नाही, पण '-आरएफ' (न विचारता, आतल्या सगळ्यासकट उडव) लावलेलं, त्यामुळं एररसुद्धा नाही. साखरपुडा जागच्या जागी, लग्न गायब! आरएमनं उडवलेलं ट्रॅशमध्ये जात नाही. कॅमेऱ्याची कार्डं तोवर दुसऱ्या ऑर्डरला वापरून झालेली.

"नावात स्पेस कशाला दिलीस?" सगळ्यांदेखत मलाच ऐकवलं. त्या रात्री आयर्विन पुलावरून सांगलीवाडीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो.

स्पेस ही चूक नव्हतीच. मॅकचा फाइंडर, जिथं आपण फोल्डर बनवतो, तो स्पेस घेतो, गिऱ्हाइकाचं नाव जसं असतं तसंच लिहिणार. स्क्रिप्टमध्ये 'कोटेड फॉर्म ऑफ' लिहिलेलं नव्हतं, एवढंच. आधी 'पोझिक्स पाथ ऑफ'नं शेलला कळेल असा पाथ काढा, मग त्याला हे लावा. अख्खं नाव सिंगल कोटात जातं आणि नावातच सिंगल कोट असला तर तोही सांभाळला जातो. हातानं कोट लावणारे नेमके तिथंच फसतात. प्रत्येक आर्ग्युमेंटला, म्हणजे कमांडला दिलेल्या प्रत्येक नावाला, वेगळं लावायचं, पूर्ण कमांडला नाही.

'स्पेसच्या जागी अंडरस्कोर टाका, प्रश्नच मिटला' असं सांगणारे भेटतील. भाचाही तेच म्हणायचा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं स्वतःचं काम ऑपरेटरच्या गळ्यात घालायचं, हे मला आजही मान्य नाही.

हो, आकडा द्यायचा असेल तर 'कोटेड फॉर्म ऑफ' लावण्याआधी त्याला 'अ‍ॅज टेक्स्ट' करा. नाव डॅशनं सुरू होत असेल तर कोट लावूनही आरएम त्याला ऑप्शनच समजतो, म्हणून पूर्ण पाथच द्या. आणि 'आरएम -आरएफ'च्या जागी आधी 'एलएस -डी' (नुसती नावं दाखवणारी कमांड) घालून बघा, नाव तुटलं असेल तर एरर येते. भाच्यानं एकदा जरी बघितलं असतं, तर पाटलांचं लग्न वाचलं असतं.