बिलावर केसर, झाडावर गावठी

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी, जून 2021 मध्ये, एका रोपवाटिकेतून केसर आंब्याची 300 कलमं प्रत्येकी 90 रुपयांनी घेतली. यंदा पहिल्यांदा बऱ्यापैकी फळ धरलं, तर निम्म्याहून जास्त झाडांना वाटोळे, रेषाळ, आंबट आंबे. मालक म्हणतात, "जमिनीमुळे चव बदलते." बिलावर 'केसर' लिहिलंय, पण खाली 'फळधारणेची हमी नाही' असंही छापलंय. घर या बागेवरच चालवायचं होतं. आता काही करता येईल का? – एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : येईल. पण वकील गाठण्याआधी बागेत जाऊन एकेका झाडाचा जोड, म्हणजे खालच्या गावठी खुंटावर वरची काडी बांधलेली जागा, बघा. फांद्या जोडाच्या खालून फुटलेल्या असतील, तर वरची काडी मेली आणि गावठी खुंटच वाढला. तिथे रोपवाटिका म्हणणार की खुंटावरची फूट तुम्ही वेळेवर काढायला हवी होती, आणि त्यात तथ्य आहे. ती झाडं दाव्यात धरू नका. जोडाच्या वर वाढलेल्या झाडाला असं फळ आलं असेल, तर काडीच केसरची नव्हती. दावा त्याच झाडांचा.

बिलावरच्या त्या ओळीने दबून जाऊ नका. फळ किती लागेल हे पाण्यावर, हवामानावर ठरतं, त्याची हमी कुणी देत नसेल तर समजू शकतो. झाड कुठल्या जातीचं हा प्रश्नच वेगळा. मालविक्री अधिनियम 1930 च्या कलम 15 नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळावाच लागतो, आणि तुमच्या बिलावर वर्णन 'केसर' असं आहे. जमिनीने गोडी थोडी इकडे-तिकडे होईल. केसरचा लांबट आंबा वाटोळा होत नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. शेतकरी 'ग्राहक' नाही, हा आक्षेप येईलच. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूचा धरत नाहीत. शिवाय नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी (2012) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आहे. रोपवाटिका दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी तक्रार तुमच्या जिल्ह्यात चालते. खरेदी पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही.

खरी अडचण मुदतीची आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. समोरचा वकील ती 2021 पासून मोजेल. आपण म्हणायचं, फळ येईपर्यंत जात कळायला मार्गच नव्हता, म्हणून कारण यंदा घडलं. तरीही त्याच ग्राहक कायद्याच्या कलम 69 खाली विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडाच.

फळं झाडावर आहेत तोवर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज करा आणि पाहणीची तारीख रोपवाटिकेला आधी लेखी कळवा. त्यांच्या पाठीमागे केलेल्या पंचनाम्याला आयोगात फारशी किंमत राहत नाही. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 पासून वेगळा कायदा आहे. त्याखाली परवाना लागतो आणि खुंट कुठला, काडी कुठल्या मातृवृक्षाची याची नोंद ठेवावी लागते. परवान्याची प्रत कृषी खात्याकडे माहिती अधिकारात मागा, नोंदवही आयोगामार्फत मागवता येईल. ती नसेल, तर 'आम्ही केसरच दिला' हे ते कशावर सांगणार?

रागाच्या भरात झाडं तोडू नका. पुरावा जाईल, आणि पैशांतही मार बसेल. करार अधिनियम 1872 च्या कलम 73 नुसार भरपाई ठरवताना नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही बघतात. पंचनामा झाल्यावर थोडी झाडं तशीच ठेवा. बाकीच्यांच्या फांद्या छाटून त्यांवर खात्रीच्या केसरच्या काड्या बांधून घ्या. मजुरीच्या आणि काड्यांच्या पावत्या जपा. कलमांची किंमत, हा खर्च आणि बुडालेल्या हंगामांचं उत्पन्न, एवढं हिशेबाने मागा. पन्नास लाखांचा आकडा टाकला की आयोग तुमच्या खऱ्या मागणीकडेही संशयाने बघू लागतो.

पोलिसात फसवणुकीची फिर्याद करा असं गावात कुणी सांगेल. तिथे विकतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. आज तुमच्याकडे तसा पुरावा दिसत नाही.

आधी नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा. नोटीस मिळाली की मालक बहुधा '300 नवी कलमं फुकट देतो' म्हणत येतील. ती घ्यायला हरकत नाही. मात्र सोबत 'आता काही तक्रार नाही' असा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका, कारण त्या फुकटच्या कलमांनाही फळ धरायला पुन्हा चार-पाच वर्षं लागणार आहेत.